नवे लायनर टाकून कुणीही पास होतं

अरे, तुझा मेसेज दोनदा वाचला. विमानाच्या ब्रेक टेस्टिंगमध्ये जायचंय म्हणतोस आणि ती लालबुंद चाकं बघून डोकंच फिरलं म्हणे, फिरणारच. पण आग नंतर बघ, आधी लावलेत कुठले ब्रेक ते बघ.

२०११ ला एडवर्ड्स एअर फोर्स बेसवर बोइंग ७४७-८ ची टेस्ट झाली तेव्हा मुद्दाम पार घासलेले ब्रेक बसवले होते, विमान फुल्ल लोडेड, थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) वापरायचा नाही, आणि टेकऑफ रद्द करता येईल अशा शेवटच्या वेगाला पोचून नुसत्या ब्रेकवर थांबायचं. ब्रेक १४०० डिग्रीपर्यंत तापले. घासलेले कशाला? १९८८ ला डॅलसला एक डीसी-१० टेकऑफ सोडून थांबायला गेलं आणि थेट रनवेच्या बाहेर. ब्रेक झिजलेले होते पण मर्यादेत होते, सर्टिफिकेट मात्र नव्या ब्रेकवर मिळालेलं. आता या टेस्टला झिजायचा भाग १० टक्क्यांच्या वर शिल्लक चालत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नवे लायनर, म्हणजे ब्रेकमधला घासून झिजणारा थर, टाकून एका बसच्या ब्रेकचं रीडिंग घेतलं, सगळं झकास, सही ठोकली. काही महिन्यांनी तीच बस दिवे घाट उतरताना ब्रेक धरेना, ड्रायव्हरने डोंगराच्या बाजूला घासत थांबवली म्हणून वाचले सगळे. सही माझीच होती ना.

गणित पक्कं कर. वेग १० टक्के वाढला की ब्रेकने गिळायची एनर्जी २१ टक्के वाढते (नवले ब्रिजच्या उतारावर न्यूट्रल टाकून येणाऱ्यांना हे कोण सांगणार!).

आणि विमान थांबलं की पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही. फायर ब्रिगेड शेजारी उभी, चाकं धुमसतायत, फ्यूज प्लग (चाकातली, जास्त तापलं की वितळणारी बुचं) वितळून टायरची हवा निघून जातेय, नाहीतर टायर फुटतील, आणि तरी पाणी मारायचं नाही, कारण खऱ्या वेळेला बंब पोचायला तेवढा वेळ लागू शकतो. तुला ती पाच मिनिटं गप्प उभं राहता येईल का, हे मला तुझ्या सीजीपीएपेक्षा जास्त जाणून घ्यायचंय.

रविवारी ये घरी. त्या बसचा एक लायनर अजून ड्रॉवरमध्ये आहे, जाडी तूच मोज.