जर्मनीत दातांचा वेगळा खासगी विमा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत येऊन चार महिने झालेत, पगारातून सरकारी आरोग्य विमा कापला जातो, आणि ऑफिसमधले सगळे सांगतायत की दातांचा वेगळा विमा घेऊन टाक. महिन्याला २५-३० युरो. ते वाया जातील का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी २०१५ मध्ये नाशिकहून श्टुटगार्टला आले आणि २०१८ पासून हा विमा भरतेय. माझ्या मते दोन गोष्टी बघायच्या. तुमच्या तोंडात रूट कॅनल करून कॅप घातलेल्या दाढा किती आहेत, आणि तुम्ही इथे किती वर्षं राहणार आहात. वय तिशीच्या आत, दात धड, दोन-तीन वर्षांत परत जायचा विचार असेल, तर घेऊ नका. जुन्या कॅप असतील आणि इथेच राहायचं असेल, तर घ्या, आणि लवकर घ्या. लवकर का, ते पुढे सांगते, कारण तिथेच मी फसले.

आधी सरकारी विम्यात काय मिळतं ते बघा. तपासणी, दात काढणं, साधं फिलिंग याला खिशातून काही जात नाही. टार्टर, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर, वर्षातून एकदा काढून देतात. २०२५ च्या जानेवारीपासून युरोपियन युनियनमध्ये अमाल्गम, म्हणजे पारा असलेलं रुपेरी फिलिंग, भरणं जवळपास बंद झालं, तरी मागच्या दाढांसाठी बिनपैशाचा पर्याय आहेच. चांगलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, हवं असेल तर वरचा फरक आपण द्यायचा. तेव्हा फिलिंगच्या भीतीने विमा घेऊ नका. दातांच्या व्यावसायिक सफाईचे १०० युरोच्या आसपास द्यावे लागतात, पण त्यासाठी विमा घेणं म्हणजे आपलेच पैसे फिरवून परत घेणं.

खिशाला मोठा खड्डा पडतो तो कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला नकली दात) आणि इम्प्लांटला (हाडात स्क्रू रोवून बसवलेला नकली दात). तिथे सरकारी विमा एक ठरावीक रक्कम देतो: त्या दुखण्यासाठी ठरवून दिलेल्या साध्या उपचाराच्या सरासरी खर्चाच्या ६० टक्के. साधा उपचार म्हणजे मागच्या दाढेला धातूची कॅप. तुम्ही पांढरी सिरॅमिकची निवडा नाहीतर थेट इम्प्लांट करा, रक्कम तेवढीच राहते. दरवर्षी न चुकता तपासणी करून बोनुसहेफ्टमध्ये, म्हणजे तपासण्यांच्या नोंदवहीत, नोंद घेतलीत, तर सलग ५ वर्षांनी ती ६० ची ७० टक्के होते आणि १० वर्षांनी ७५. आपण बाहेरून आलेले, आपली मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिली तीन वर्षं मी डॉक्टरकडे फिरकलेही नाही. दुखत नव्हतं ना! ती वर्षं गेली ती गेलीच.

आता माझं काय झालं ते. २०१८ च्या दिवाळीच्या आधी चकली चावताना डाव्या खालच्या दाढेवरच्या नाशिकच्या कॅपचा कोपरा उडाला. डॉक्टरीणबाईंनी आरशाने पाहिलं, हलकेच टकटक केलं आणि मान न वळवता मागच्या मदतनिसाला म्हणाल्या, ‘ड्राय-झेक्स, क्रोनं.’ तीन-सहा हा त्या दाढेचा नंबर, क्रोनं म्हणजे कॅप. मागे कीबोर्डचा टकटक आवाज आला. मला मात्र त्या एवढंच म्हणाल्या की घाई नाही, पुढे बदलावी लागेल. मी घरी आले आणि त्याच रात्री ऑनलाइन विमा काढला. फॉर्ममध्ये विचारलं होतं, कोणता उपचार चालू आहे किंवा सुचवला गेला आहे का? मी ‘नाही’ लिहिलं. माझी समजूत अशी की सुचवणं म्हणजे हातात खर्चाचा कागद मिळणं.

पाच महिन्यांनी कॅप बदलली, क्लेम पाठवला. कंपनीने डॉक्टरांकडून माझ्या नोंदी मागवल्या. त्यात ‘तीन-सहा, कॅप’ ही त्या दिवशी टाइप केलेली ओळ तारखेसकट होती. क्लेम नाकारला, ७४० युरो मी भरले. कंपनीने पॉलिसी रद्द केली नाही, हे नशीब. खोट्या उत्तरासाठी ती तसंही करू शकली असती. मी खूप रडले, चिडले, पण चूक माझी होती. जे दुखणं आधीच कागदावर आहे त्याला हा विमा नाही. भारतातल्या डॉक्टरांनी ‘ही दाढ पुढे करावी लागेल’ म्हटलं असेल तर तेही यातच येतं. खरं लिहा. आत्ता दाढ ठणकत असेल तर विम्याचा विचार सोडा आणि सरळ डॉक्टरकडे जा.

दुसरी बाजूही सांगते. २०२४ मध्ये दुसऱ्या जुन्या रूट कॅनलच्या दाढेचं मूळ उभं चिरलं. दाढ काढली, इम्प्लांटचा खर्च ३१०० युरो. सरकारी विम्याचे ५३० आले. माझी पॉलिसी सरकारी वाटा धरून ८० टक्क्यांपर्यंत भरते, म्हणजे तिचे १९५० आले आणि मला ६२० पडले. तोपर्यंत महिना २४ युरोप्रमाणे ६ वर्षांत मी १७२८ भरले होते. नफा म्हणाल तर दोनशे-सव्वादोनशे युरो. पण एका महिन्यात अडीच हजार काढायची वेळ आली नाही, माझ्यासाठी ते मोठं होतं.

हेच पहिल्या वर्षी झालं असतं तर? बहुतेक पॉलिसींमध्ये पहिल्या तीन-चार वर्षांत मर्यादा असते, समजा पहिल्या वर्षी १०००, दोन वर्षांत मिळून २०००. अपघातात दात गेला तर बहुधा ती लागू होत नाही. थोड्या काळासाठी आलेल्यांना मी नको म्हणते ते म्हणूनच. सही करण्याआधी आणखी एक विचारा: हप्ता वयाबरोबर चढणार का? आज १२ युरोची दिसणारी पॉलिसी पन्नाशीत कितीला जाईल, याचा तक्ता कंपनीकडे असतो, तो मागून घ्या. एजंटच्या तोंडी हिशेबापेक्षा श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या ग्राहकांसाठी वस्तू आणि सेवा तपासणाऱ्या जर्मन संस्थेने केलेली तुलना वाचा, ती संस्था स्वतः विमा विकत नाही.

सुट्टीत भारतात जाऊन करून घेऊ, असंही बरेच जण म्हणतात. कॅपसाठी ठीक आहे, तीन आठवड्यांत होते आणि विमानाचं तिकीट तसंही काढलेलं असतं. इम्प्लांटचा स्क्रू मात्र हाडात मुरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन फेऱ्या. आणि तिथल्या बिलावर इथला सरकारी विमा काही देत नाही.

तुम्ही जुन्या कॅपबद्दल काहीच लिहिलेलं नाही. किती आहेत ते कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. घ्यायचा असेल तर तपासणीची वेळ घेण्याआधी फॉर्म भरा. नसेल घ्यायचा, तरी डिसेंबरच्या आत एकदा तपासून घ्या आणि निघताना काउंटरवर बोनुसहेफ्टची नोंद स्वतःहून मागा. नवीन माणसाला ती द्यायची त्यांच्या लक्षात राहतेच असं नाही.