सामान कमी, फिजिक्स पूर्ण: तुमचे प्रश्न

प्रश्न: आमच्या लॅबमध्ये पेंड्युलम सोडला तर फारसं काही नाही. त्यातही सगळ्यांच्या वहीत जी ची (गुरुत्वीय त्वरणाची) किंमत बरोब्बर ९.८ येते, मुलं सरळ सरळ आकडे जुळवतात. काय करू?

उत्तर: उत्तर आधीच माहीत असेल तर आकडे जुळवणारच ना, त्यात मुलांचं काय चुकलं! मग जी काढायला सांगूच नका. उंच हुकाला दोरी बांधा, खाली एक जड नट लटकवा आणि म्हणा, पट्टी न लावता दोरीची लांबी सांगा. दोलनकाळ, म्हणजे एका पूर्ण झोक्याला (जाऊन परत येण्याला) लागणारा वेळ, सेकंदात मोजायचा, त्याचा वर्ग करून साधारण ४ ने भागायचं की लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे ३ सेकंद आले तर सव्वादोन मीटरच्या आसपास. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहून झाल्यावरच टेप काढा, आणि ती नटच्या मध्यापर्यंत लावा, वरच्या गाठीपर्यंत नाही.

आता गंमत बघा, एखाद्या गटाची लांबी १० टक्के कमी येतेच. बहुतेक वेळा त्यांनी घड्याळ चालू करताना "शून्य" ऐवजी "एक" म्हटलेलं असतं, त्यामुळे २० म्हणून मोजलेली दोलनं खरं तर १९ च असतात. ही चूक तुम्ही सांगू नका, त्यांनाच शोधू द्या, माझ्या मते प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. आणि २० दोलनं का? बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तरी एका दोलनामागे चूक ०.०१ च उरते. झोका मात्र छोटाच ठेवा, १० अंशांच्या आत.

प्रश्न: तांब्याच्या पाइपातून चुंबक हळूहळू पडतो तो प्रयोग दाखवला, टाळ्या पडल्या, पण आठवड्याने विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना.

उत्तर: दाखवण्याआधी विचारलं होतं का? हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या गटाने २००४ साली हेच मांडलं, की प्रयोग नुसता बघणाऱ्या विद्यार्थ्यांना न बघणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त कळत नाही, पण आधी अंदाज बांधायला लावलं की फरक पडतो. म्हणून चुंबक आणि तेवढाच लोखंडी तुकडा दोन्ही हातात धरून विचारा, आधी कोण बाहेर येईल? हात वर करून घ्या, कारणही बोलायला लावा. "चुंबक पाइपला चिकटत असेल" हे कुणीतरी म्हणतंच, तेव्हा काही न बोलता चुंबक आणि पाइप त्याच्या हातात द्या, चिकटवून बघू दे. ते फसलं की लेन्झचा नियम (पडत्या चुंबकामुळे पाइपात वीजप्रवाह तयार होतो आणि तो त्या पडण्यालाच विरोध करतो) ऐकायला वर्ग तयार असतो.

प्रश्न: सेल आणि तारेची मोटर फिरतच नाही, नुसती डुलते.

उत्तर: तारेच्या दोन्ही टोकांवरचा लेप पूर्ण खरवडला असणार. एक टोक पूर्ण आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने खरवडा, नाहीतर अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो. आणि मोटर अडकली तर सेल लगेच काढा, तार चांगलीच तापते.

प्रश्न: मोबाइल वर्गात आणू द्यावा का?

उत्तर: एका गटात एकच, पण आणू द्या. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे. फोनमधल्या सेन्सरचे आकडे ते दाखवतं. फोन टेबलावर स्थिर असताना त्याचा त्वरण मोजणारा सेन्सर ९.८ दाखवतो, आणि उशीवर सोडला की पडताना जवळजवळ शून्य! स्थिर असताना ९.८ आणि पडताना शून्य, असं उलटं का, हे मुलांनाच विचारा. उशी मात्र जाड घ्या.