पहिल्यांदाच हायवेवर निघताय?

मजा येईल, निघा! फक्त ‘शंभर किलोमीटर म्हणजे एक तास’ हा हिशोब डोक्यातून काढा. गावाबाहेर पडणं, चहाचा थांबा धरून दोन तास ठेवा आणि उजेडात पोहोचाल असं निघा. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा, स्टेपनीचीही. मी एकदा विसरलो. पंक्चर झाल्यावर डिकीतून काढली तर तीही बसलेली!

नवख्यांची मोठी चूक म्हणजे पुढच्या गाडीला चिकटणं. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. पुढची गाडी खांबापाशी गेली की मोजा. तीन सेकंदांच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात तर वेग कमी करा. मॅप निघण्यापूर्वीच लावा. घाट आणि रात्रीचं ड्रायव्हिंग नंतर बघू.