एलएम२५९६ : नाव एक, आत दुसरंच?

प्रश्न : ऑनलाइन घेतलेलं एलएम२५९६चं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) ३ ॲम्पिअरचं म्हणून आलं, पण दीड ॲम्पिअरलाच कॉइल चटका देते. वायरिंग पुन्हा पुन्हा तपासलं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : मला संशय आयसीवर, म्हणजे मॉड्यूलवरच्या एलएम२५९६ चिपवर आहे, तुमच्यावर नाही. ती बनावट असावी. शिकणाऱ्या माणसाला स्वतःच्याच हातांवर शंका घ्यायला लावते, म्हणून या फसवणुकीचा मला मनापासून राग येतो.

खरा एलएम२५९६ साधारण १५० किलोहर्ट्‌झला स्विच होतो, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद होतो. लोड जोडून आयसीच्या आउटपुट पिनवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावा. आकडा ५०च्या आसपास आला, तर आत बहुधा जुन्या, ५२ किलोहर्ट्‌झच्या एलएम२५७६च्या जातीची चिप आहे आणि वर फक्त नाव बदललंय. कॉइल मात्र १५०च्या हिशेबानं निवडलेली. वेग तिपटीनं घटला की करंटचे चढउतार तितकेच वाढतात, कॉइलचा गाभा सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकत्व साठवण्याची मर्यादा संपते) आणि कॉइल भाजू लागते.

ॲसिटोननं चिपवरची अक्षरं पुसून पाहा, निघाली तर ती नकली, असं कोणी सांगेल. त्यावर विसंबू नका. अस्सल चिपवरची शाईही कधीकधी निघते.

ऑसिलोस्कोपवर दिसलेल्या वेव्हफॉर्मचा (लहरीच्या आकाराचा) फोटो जोडून विक्रेत्याकडे पैसे परत मागा. नवा आयसी उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्या.