शंभर वर्षांपूर्वीच्या स्त्रियांच्या मासिकातलं चित्र बघून बायका घरी झगा कसा शिवायच्या?

नुसत्या चित्रावरून नाही, तर कागदी बेतावरून, म्हणजे कापड कापायला ठेवायच्या कागदी नमुन्यावरून. अमेरिकेतलं ‘डेलिनिएटर’ मासिक घ्या. ते काढणारी बटरिक कंपनी मुळात बेत विकणारी होती. एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकायला सुरुवात केली. मासिकात झग्याचं चित्र आणि त्याचा क्रमांक असायचा. त्या क्रमांकाचा बेत दुकानातून किंवा टपालाने मागवायचा.

पाकीट उघडलं की आत पातळ टिश्यू कागदाचे तुकडे. त्यावर एक अक्षरही छापलेलं नसे! फक्त बारीक भोकं आणि कडेला खाचा. कापड कुठे दुमडायचं, चुणी कुठे घ्यायची, हे त्या भोकांवरून ओळखायचं. कोणतं भोक कशाचं, ते पाकिटावर वाचायचं. ज्यांना हे जमायचं त्या बायकांच्या हुशारीला तोड नाही. कागदावरच रेघा आणि सूचना छापणं सुरू झालं ते 1920 च्या सुमारास आणि सर्रास झालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

भरतकामाच्या नक्षीलाही भोकंच. रेघांवर टोचलेला कागद कापडावर ठेवून वरून भुकटी चोळायची. आपल्याकडे नीळ रॉकेलमध्ये कालवून कापसाच्या बोळ्याने फिरवतात, तेच हे तंत्र. माझ्या आजीचा मोराचा कागद मी अजून जपून ठेवलाय. वापरून वापरून तो निळा झालाय, पण भोकं शाबूत आहेत आणि नक्षी आजही स्वच्छ उतरते.