यूकासच्या अर्जातील पर्सनल स्टेटमेंटमध्ये नेमके काय लिहावे?

आपण बारावी विज्ञान शाखेत आहात, इंग्लंडमधील विद्यापीठांत भूविज्ञानाच्या पदवीसाठी यूकासमार्फत (ब्रिटनमधील विद्यापीठांचे प्रवेश अर्ज एकत्रितपणे स्वीकारणारी संस्था) अर्ज करणार आहात आणि ‘माझ्याकडे ना पदके आहेत ना ऑलिम्पियाडची प्रमाणपत्रे, मग पर्सनल स्टेटमेंटमध्ये लिहू काय?’ असे आपण विचारले आहे. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांची संदर्भपत्रे लिहिताना त्यांचे मसुदेही वाचावे लागतात, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आधी चौकट सांगतो. पर्सनल स्टेटमेंट म्हणजे अर्जासोबत द्यायचे लेखी निवेदन. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासने पूर्वीचे सलग निवेदन बंद करून तीन प्रश्न दिले आहेत. हाच विषय का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तुमची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केले व ते का उपयोगी पडेल, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे हवे आणि तिन्ही मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची आहे. मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे इंग्रजीत जेमतेम सहाशे-साडेसहाशे शब्द हाती येतात. अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात, पण निवेदन सगळ्यांना एकच जाते. त्यात एखाद्या विद्यापीठाचे नाव घेऊन स्तुती केली की उरलेल्या चार ठिकाणी ती वाया जाते, किंबहुना खटकते.

‘पर्सनल’ या शब्दाने आपल्याकडच्या मुलांची फसगत होते. शाळेत निबंध लिहिण्याची जी सवय लागलेली असते, तिच्यामुळे पहिले वाक्य हमखास ‘लहानपणापासूनच मला निसर्गाची ओढ होती’ असे उतरते आणि पुढे आईवडिलांचे कष्ट, थोरांचे एखादे वचन आणि देशसेवेचा संकल्प ओळीने येतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक अर्जात, म्हणजे कॉमन ॲपमध्ये, ६५० शब्दांपर्यंतच्या निबंधात स्वतःची जडणघडण सांगणे अपेक्षित असते, त्यामुळे तिकडचे नमुने वाचून गोंधळ आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये प्रवेश पहिल्या दिवसापासून ठरावीक विषयाला मिळतो. त्यामुळे वाचणाऱ्याला मुख्यतः एवढेच पाहायचे असते की हा मुलगा किंवा ही मुलगी या विषयाचा विचार कसा करते. पदकांची उणीव इथे फारशी जाणवत नाही, ती यामुळेच.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने याच विषयासाठी अर्ज केला होता. त्याचे घर पुरंदर तालुक्यात आहे. पहिल्या मसुद्यात सह्याद्रीच्या सौंदर्याचे दीड परिच्छेदांचे वर्णन होते, ते कोणीही लिहू शकले असते. मी त्याला विचारले की तुझ्या घरी दगडाशी कोणाचा संबंध येतो? तो थोडा ओशाळला आणि म्हणाला की वडिलांनी पाणाड्याला बोलावले होते, त्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, तिथे तीनशे फूट बोअर घेतले आणि नुसता फुफाटा उडाला. शेजारच्या शेतातली विहीर मात्र एप्रिलपर्यंत आटत नाही. हे लिहिण्याची त्याला लाज वाटत होती. मी त्याला म्हटले की तुझे निवेदन इथूनच सुरू होते.

पहिल्या उत्तरात त्याने हाच प्रश्न मांडला: दोन शेतांत जेमतेम दोनशे मीटरचे अंतर असताना एकीकडे पाणी आणि दुसरीकडे कोरडा दगड, असे का व्हावे? दख्खनचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला आहे, त्यातला अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही, सच्छिद्र किंवा भेगाळलेला थर धरतो, इतके त्याने वाचून काढले होते. पण ते पुस्तकी माहिती म्हणून न देता त्याने बोअरमधून वर आलेल्या चुऱ्याचा रंग कोणत्या खोलीवर बदलला याच्याशी जोडले. दुसऱ्या उत्तरात गुण किंवा टक्केवारी अजिबात नव्हती, कारण ती अर्जात दुसरीकडे भरलेलीच असते. अकरावीत शिकलेली विद्युत रोधकता (पदार्थ विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो ते) आणि जमिनीत चार सळ्या रोवून, दोघींतून प्रवाह सोडून उरलेल्या दोघींमधले विभवांतर (व्होल्टेज) मोजण्याची भूजल शोधाची पद्धत, यांचा संबंध त्याला कसा उमगला, हे त्याने सहा वाक्यांत सांगितले.

तिसरे उत्तर मला सर्वांत आवडले. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर रविवारी त्याने आसपासच्या पाच विहिरींची पाणीपातळी मोजली होती, साधन म्हणजे गाठी मारलेली दोरी आणि टोकाला दगड. जानेवारीत त्याच्या लक्षात आले की सुती दोरी भिजली की तिची लांबी बदलते, म्हणजे आधीचे सगळे आकडे संशयास्पद झाले. त्याने ते आकडे बाजूला ठेवले, नायलॉनची दोरी घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. पहिल्या मसुद्यात ही चूक त्याने लपवली होती. मी ती परत घालायला लावली, कारण स्वतःच्या मोजमापावर शंका घेणारा विद्यार्थी कोणत्याही विज्ञानशिक्षकाला हवाच असतो. क्रिकेट संघाचे उपकर्णधारपद मात्र एका ओळीतही राहिले नाही; भूविज्ञानाशी त्याचा संबंध जोडण्याच्या सगळ्या खटपटी केविलवाण्या वाटत होत्या.

तयार नमुन्यांविषयी थोडे कडक बोलतो. एका सल्लागाराने (शुल्क भरभक्कम होते) माझ्या दोन विद्यार्थिनींना जवळजवळ सारखेच प्रास्ताविक लिहून दिले होते आणि दोघी वर्गमैत्रिणी असल्यामुळेच ते वेळेत उघड झाले. यूकास प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडून पाहते आणि साम्य जास्त आढळल्यास संबंधित विद्यापीठांना कळवते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तपासणीत तब्बल २३४ अर्जदारांनी आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पडल्याचा एकच किस्सा सांगितल्याचे निघाले होते. इतके पायजमे एकाच वयात जळणे कठीणच. आता तर निवेदन स्वतःचेच आहे, उसने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले नाही, असे अर्जदाराला अर्जातच जाहीर करावे लागते.

भाषेची भीती बाळगू नका. आधी मराठीत, कोणाला तरी बोलून सांगत आहात अशा थाटात सगळे कागदावर काढा आणि मग इंग्रजी मसुद्याला बसा. मात्र वाक्यावाक्याचे भाषांतर करू नका. ‘पॅशन’, ‘फॅसिनेटेड’ असे शब्द जिथे येतील तिथे ते खोडून, त्या ओढीपायी तुम्ही प्रत्यक्ष काय केले ते लिहा. काहीच केलेले नसेल तर अजून वेळ आहे: पुण्याच्या टेकड्यांवर रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात लाव्हाचे थर उघडे पडलेले दिसतात, दोन रविवार वही घेऊन तिथे जा.

तारखांचे मात्र काटेकोरपणे पाहा. यादीत ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज असेल तर अंतिम तारीख १५ ऑक्टोबर असते; इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ती जानेवारीत येते, २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. एकदा पाठवलेल्या निवेदनात बदल करता येत नाही. संदर्भपत्र देणाऱ्या शिक्षकांना तुमचा मसुदा सहामाही परीक्षेच्या आधीच नेऊन दाखवा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मंडळी गावी गेलेलो असतो आणि फोन उचलत नाही.