ऑप्शन घेताना आधी एवढं सांभाळ
आंबापेट्यांच्या हिशेबाचा तुझा सी प्रोग्राम पाहिला, सुरुवात झकास आहे. फक्त हंगामाचं वर्ष कोडमध्ये कोंबू नकोस, दर मार्चला पुन्हा कंपाइल करावं लागेल. ते कमांड लाइनवरून घे, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याच्या नावापुढे लिहिलेला ऑप्शन म्हणून.

नवखे बहुतेक इथेच अडकतात:

- ऑप्शन ओळखायला दोन बरोबर-चिन्हं (==) चालत नाहीत. त्याने मेमरीतले पत्ते तपासले जातात, अक्षरं नाहीत. अक्षरं ताडून बघणारं स्ट्रकंप (strcmp) फंक्शन वापर.
- कमांड लाइनवरच्या शब्दांच्या यादीत (argv) ० क्रमांकाला प्रोग्रामचंच नाव असतं, तुझे ऑप्शन १ पासून. पुढची किंमत उचलण्याआधी ती दिली आहे का, ते मोजून बघ. नाहीतर प्रोग्राम कोसळू शकतो.
- ‘देवगड हापूस’ अवतरणात दे, नाहीतर शेल (तुझी कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचे दोन शब्द करतं.

हेल्प ऑप्शन मात्र पहिल्याच दिवशी लिही. पेट्या भरता भरता प्रोग्राम चालवणाऱ्या माणसाला तोच लागतो. ऑप्शन वाचून देणाऱ्या तयार गेटऑप्ट (getopt) फंक्शनकडे नंतर वळू, आधी दोन ऑप्शन हाताने जमव.